सिलिंडर हेड बदलल्यावर कूलंट तापमानाचा सेन्सर कसा बसवावा

इंजिन तापून हेड वाकले किंवा त्याला तडा गेला, की मशीनवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून, नेहमीच भागत नाही आणि दुसरे हेड बसवावे लागते. त्या मोठ्या कामात कूलंटचे तापमान मोजणारा सेन्सर ही शेवटी पिळून टाकायची किरकोळ वस्तू समजली जाते. वास्तविक बदललेले हेड पुन्हा तापू लागले, तर ते चालकाला आणि इंजिनच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला, कळवणारी तीच वस्तू असते. जुन्या हेडवर सेन्सर बदलताना भोक आणि सेन्सर एकमेकांचे आहेत हे गृहीत धरता येते. हेडच बदलले असेल, तर ही जुळणी तपासून घ्यावी लागते आणि ती हेड अजून टेबलावर असतानाच तपासणे सोयीचे असते.

प्रथम आपल्या गाडीत सेन्सर किती आणि कोणाला माहिती देणारे आहेत, हे पाहावे. जुन्या गाड्यांत बहुधा दोन असतात: एकाच वायरचा, डॅशबोर्डवरचा काटा हलवणारा, आणि दोन वायरींचा, ईसीयूला तापमान कळवणारा. नंतरच्या गाड्यांत एकच सेन्सर दोन्ही कामे करतो. याचे ठळक उदाहरण म्हणजे जीप चेरोकीचे चार लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन. 1991 ते 1995 च्या गाड्यांत काट्याचा सेन्सर हेडच्या मागच्या टोकाला आणि ईसीयूचा थर्मोस्टॅटच्या, म्हणजे ठराविक तापमानाला उघडणाऱ्या झडपेच्या, हाउसिंगमध्ये असे. 1996 पासून हाउसिंगमधला एकच सेन्सर दोघांना पुरू लागला. त्यामुळे जुन्या गाडीवर नंतरच्या वर्षाचे हेड घेतले, तर मागचे भोक अनेकदा पाडलेलेच नसते. असे हेड गाडीवर चढवल्यानंतर ड्रिल मारायला गेल्यास लोखंडाचा बुरा थेट पाण्याच्या मार्गात पडतो, शिवाय मागे फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली भिंत, असल्याने हातही पोहोचत नाही.

म्हणून जुने आणि नवे हेड शेजारी ठेवून प्रत्येक भोक ताडून पाहावे. कोणते भोक उघडे आहे, कोणते पितळी प्लगने बंद केले आहे, कोणते कूलंटच्या पोकळीपर्यंत पोहोचते आणि कोणते आंधळे आहे, याची नोंद करून घ्यावी. सेन्सरचे टोक वाहत्या कूलंटमध्ये बुडाले पाहिजे. भोक खोल असेल आणि टोक त्याच्या आतच अडकून राहत असेल, तर सेन्सर कूलंटऐवजी धातूचे तापमान दाखवेल, तेही उशिरा.

यानंतर आटे. कूलंट सेन्सरचे आटे सहसा एम 12 × 1.5, एम 14 × 1.5 (म्हणजे व्यास आणि दोन आट्यांमधले अंतर, मिलिमीटरमध्ये) किंवा निमुळते एनपीटी (अमेरिकन पाइपच्या आट्यांच्या) जातीचे असतात. नुसत्या डोळ्यांनी त्यांची ओळख पटवू नये, कारण एम 10 × 1 आणि एक-अष्टमांश इंची एनपीटी यांचा व्यास आणि आट्यांमधले अंतर इतके जवळचे आहे, की चुकीचा सेन्सरही दोन-तीन फेरे सहज आत जातो आणि मगच अडतो. आटे मोजण्याची पट्टी, म्हणजे थ्रेड गेज, फारशी महाग नसते. ती जवळ नसेल तर जुना सेन्सर घेऊन दुकानात जावे. हाताने चार फेरे मोकळेपणी फिरला नाही, तर तो सेन्सर त्या भोकाचा नाही असे समजावे. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये पान्याने जोर लावून तो ‘बसवणे’ म्हणजे आटे खाऊन टाकणे होय, आणि मग हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, घालण्याचे जादा काम मागे लागते.

मशीन शॉपमधून आलेल्या हेडच्या भोकात धातूचा कीस, रंग किंवा शॉट ब्लास्टिंगचे बारीक छर्रे राहिलेले असतात. योग्य मापाच्या टॅपच्या (आटे पाडण्याच्या हत्याराच्या) खाचांत ग्रीस भरून तो हाताने सावकाश फिरवावा, म्हणजे कचरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. निमुळत्या आट्यांत मात्र टॅप गरजेपेक्षा खोल घालू नये. भोक मोठे होते आणि सेन्सर कितीही पिळला तरी घट्ट बसत नाही.

सेन्सर बसवण्याआधी तो तपासून घ्यावा. आत एनटीसी थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो. बॉश पद्धतीच्या दोन पिनांच्या सेन्सरचा रोध 20 अंश सेल्सिअसला सुमारे 2,500 ओहम, 80 अंशांना 300 ते 330 आणि 100 अंशांना 190 च्या आसपास असतो. अन्य कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, म्हणून आपल्या गाडीचा तक्ता मॅन्युअलमध्ये पाहावा. पातेल्यात पाणी तापवून, त्यात थर्मामीटर आणि दोरीने टांगलेले सेन्सरचे टोक सोडून, पिनांना मल्टिमीटर जोडावा आणि रोध कसा उतरतो ते पाहावे. टोक पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नये. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण 98 अंशांनाच उकळते आणि महाबळेश्वरला त्याहूनही आधी, तेव्हा उकळी फुटली म्हणजे 100 अंश झाले असे न धरता थर्मामीटरवरच विसंबावे. रोध हळूहळू उतरण्याऐवजी मध्येच उडी मारत असेल, तर असा सेन्सर नवा असला तरी परत करावा.

आता प्रत्यक्ष बसवणे. सरळ आट्यांच्या सेन्सरमध्ये गळती अडवण्याचे काम तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर करते, आटे नव्हे. म्हणून वॉशर नवे घ्यावे आणि आट्यांवर काहीही लावू नये. निमुळते आटे स्वतःच घट्ट बसतात. तिथे पहिला आटा सोडून द्रव सीलंट पातळ लावावे. टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची सवय आपल्याकडे फार आहे, आणि एका वायरच्या सेन्सरला तीच नडते. त्या सेन्सरचे अर्थिंग त्याच्या आट्यांमधून हेडला मिळते. टेपचे चार वेढे दिले की अर्थ तुटू शकतो आणि मग काटा जागचा हलत नाही. सेन्सर बसवल्यावर त्याचा धातूचा भाग आणि बॅटरीची ऋण बाजू यांमधला रोध मोजावा; तो जवळजवळ शून्य आला पाहिजे. काही नव्या गाड्यांत आटेच नसतात, ओ-रिंग आणि क्लिप असते. तिथे नव्या ओ-रिंगला थोडे कूलंट लावून सेन्सर सरळ दाबावा आणि क्लिप पूर्ण बसल्याची खात्री करावी.

आटे हाताने पूर्ण बसल्यावरच पाना लावावा. बारा-चौदा मिलिमीटरच्या सेन्सरला साधारण 15 ते 20 न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. हे काम इंजिन थंड असतानाच करावे. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज असेल तर तो काढावा, आणि हेड काढताना बाजूला केलेली वायर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकत नाही ना हे पाहून ती मूळच्या क्लिपमध्ये अडकवावी.

सेन्सर बरोबर बसूनही खोटे तापमान दिसते, त्याचे नेहमीचे कारण म्हणजे आत अडकलेली हवा. हेड काढले की संपूर्ण पाण्याचा मार्ग रिकामा होतो, आणि पुन्हा भरताना हवेचा फुगा नेमका हेडच्या उंच कोपऱ्यात, म्हणजे बहुधा सेन्सरजवळच, अडकतो. हवेत राहिलेले टोक कमी तापमान सांगते. हेड आत उकळत असते आणि काटा मधोमध असतो. इतका खर्च करून बसवलेले हेड पहिल्याच आठवड्यात वाकते ते अशाने. त्यासाठी गाडीचे तोंड थोडे उंच ठेवावे, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, हवा बाहेर काढण्याचा ब्लीड स्क्रू असल्यास तो उघडावा आणि कूलंट सावकाश ओतावे. निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी हे प्रमाण ठेवावे. बोअरवेलचे जड पाणी वापरल्यास सेन्सरच्या टोकावर क्षारांचा थर बसतो. इथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असते, त्यामुळे सांडलेले लगेच धुवावे, विशेषतः घरात कुत्रे किंवा लहान मुले असतील तर.

इंजिन सुरू करण्याआधीच ईसीयूतले आकडे आणि दोषांचे कोड दाखवणारा स्कॅनर जोडून वाचन घ्यावे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे असायला हवे. कूलंट उणे 40 दाखवत असेल, तर वायर तुटली आहे किंवा कनेक्टर बसलेला नाही, आणि त्यासोबत पी0118 हा कोड येतो. थंड इंजिन 130-140 अंश दाखवत असेल, तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि कोड पी0117 असतो. सुरू केल्यावर आकडा सलग चढत जावा. तो मध्येच दहा-पंधरा अंशांनी उडाला किंवा खाली आला, तर हवा अजून आहे. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट 82 ते 88 अंशांच्या दरम्यान उघडतो, त्या वेळी रेडिएटरचा वरचा होज हाताला गरम लागला पाहिजे, आणि पुढे पंखा सुरू होऊन आकडा खाली आला पाहिजे. इंजिन सुरू केल्याबरोबर पंखा अखंड फिरत असेल, तर ईसीयूला सेन्सरचा सिग्नलच मिळत नसण्याची शक्यता मोठी. सिग्नल हरवला की हेड वाचवण्यासाठी पुष्कळ ईसीयू पंखा चालूच ठेवतात.

पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मगच झाकण उघडून कूलंटची पातळी भरून घ्यावी. गरम असताना झाकणाला हात लावू नये. दुसऱ्या दिवशी सेन्सरभोवती वाळलेल्या कूलंटचा पांढरा किंवा रंगीत डाग दिसला, तर सेन्सर आणखी पिळण्याऐवजी तो काढून वॉशर आणि बसण्याची जागा पाहावी, कारण तिथे बहुधा एखादा ओरखडा किंवा रंगाचा कण निघतो.