कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगची ट्रंक

कोकणात शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि तोवर पाऊस दारात आलेला असतो. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, बहुतेक याच टर्ममध्ये. मुलीच्या ट्रंकेत काय भरायचं याची यादी शाळा देते, पण तीत ओलीचा हिशेब नसतो, तो आपणच करायचा.

यादीत युनिफॉर्मचे २ जोड असले तरी ४ द्या. जुलैत जाड सुती कापड तीन-तीन दिवस दमट राहतं, टेरिकॉट पंख्याखाली रात्रभरात वाळतं. रविवारच्या मिस्सेचा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचा, पांढरा फ्रॉक बिनखळीचा द्या. बुरशी खळीवर आधी धरते आणि तिचे काळे ठिपके सहजी जात नाहीत.

खरा वेळ खातं ते प्रत्येक कपड्यावर मुलीचा बोर्डिंगचा नंबर घालणं. धुण्याच्या ढिगात सगळ्यांचे पेटीकोट सारखेच. सिस्टर नंबर वाचून वाटतात. बोटभर रुंद पांढरी सुती फीत घ्या. ती आधी धुवून वाळवा, नाहीतर नव्या फितीतल्या खळीमुळे शाई मुरत नाही. कपड्यांवर लिहायच्या पक्क्या शाईने नंबर घाला, दिवसभर वाळू द्या, वरून इस्त्री फिरवा. मग तुकडे कापा, कडा दुमडा आणि चारही बाजूंनी शिवा. दोनच बाजूंनी टाचलेली फीत कशात तरी अडकून उसवते. फ्रॉकला मानेशी आतून, स्कर्टला कमरपट्टीवर. मोज्यांत मात्र फीत टोचते. तिथे वरच्या कडेला रंगीत दोऱ्याने नंबरच भरा.

ट्रंक पत्र्याचीच घ्या, कापडी बॅग उंदीर कुरतडतात. तळाला प्लॅस्टिक, त्यावर वर्तमानपत्र. नुसता कागद ओल धरून ठेवतो आणि पत्रा गंजतो. जमिनीला पाझर फुटतो, म्हणून ट्रंकेखाली दोन लाकडी पट्ट्याही द्या. डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत बांधून खाऊपासून लांब ठेवा. लाडवाला तो वास लागला की कोणी तोंडात धरत नाही.

खाऊत ओलं खोबरं नको, दोन दिवसांत आंबतं. चिवडा डबा उघडताच सादळायला लागतो. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बेसनलाडू पंधरवडा निघतात. आंबापोळीचे तुकडे बटरपेपरमध्ये वेगवेगळे गुंडाळा, नाहीतर सगळी मिळून एक वीट होते.

छत्री नकोच, समुद्राकडच्या वाऱ्याने उलटते. गुडघ्याखाली येणारा रेनकोट बरा, दप्तरावरून जाईल इतका ढगळ.

गणपतीच्या सुट्टीत ट्रंक घरी आणता आली तर रिकामी करून उन्हात उघडी टाका. गंज पॉलिशपेपरने घासा, वर ऑइलपेंटचा हात द्या. तो मात्र आल्या दिवशीच, कारण पावसाळी हवेत रंग वाळायला आणि वास जायला ३-४ दिवस सहज लागतात.