उमारूची खोळ: हॅम्स्टरवाली टोपी-झूल घरी कशी शिवायची

सांकाकु हेड यांची ‘हिमोतो! उमारू-चान’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 2013 ते 2017 या काळात ‘यंग जंप’ साप्ताहिकामध्ये चालली, तिचे 12 खंड झाले. दोगा कोबो स्टुडिओने 2015 मध्ये तिची अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका) केली आणि 2017 मध्ये ‘आर’ नावाने दुसरा सीझन आला. नावातच कोटी आहे. ‘हिमोनो’ म्हणजे वाळवलेला मासा, ‘इमोतो’ म्हणजे धाकटी बहीण. बाहेर नीटनेटकी, हुशार, सगळ्यांची लाडकी असलेली उमारू घरात सुक्या बोंबलासारखी पडून असते, कोला पिते, चिप्स खाते, गेम खेळते. दाराच्या आत पाऊल टाकताच तिचं चित्रही बदलतं: उंची दोन डोक्यांएवढी, चेहरा गोल आणि अंगावर नारिंगी-तपकिरी हॅम्स्टरची, म्हणजे गालात दाणे साठवणाऱ्या उंदरासारख्या प्राण्याची, झूल.

ही झूल म्हणजे आपल्याकडची खोळच. पावसात घोंगडीचं टोक दुमडून डोक्यावर घेतात, त्याच जातीची. तिला बाह्या नाहीत. बाह्यांची हूडी शिवून वर कान लावले की ती कुठल्याही प्राण्याची हूडी दिसते, उमारूची नाही. दुसरी गोष्ट, टोपी मापाची नको. चित्रातली गंमत सगळी प्रमाणात आहे, त्यामुळे टोपी डोक्यापेक्षा बरीच मोठी आणि झूल आखूड ठेवावी लागते. खालची मापं त्याच हिशेबाने आहेत, साधारण 155 ते 160 सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी.

कापड आणि बाकीचं सामान

58 इंची पन्ह्याचं फ्लीस (मऊ लवेचं कृत्रिम कापड) 2 मीटर घ्या, वजन 220 ते 250 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम. याहून जाड घेतलं तर टोपीच्या शिवणीत चार पदर एकत्र येतात तिथे घरगुती मशीन अडतं. याहून पातळ असेल तर टोपी उभी राहत नाही. फ्लीसचे धागे सुटत नाहीत, म्हणून ओव्हरलॉक (कड बांधणारी शिवण) लागत नाही, ही मोठी सोय. रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. एपिसोड थांबवून एक चित्र फोनमध्ये ठेवा आणि कापड दाराशी, उजेडात नेऊन ताडून बघा. भगव्याकडे झुकलेला रंग फोटोत फार भडक येतो, त्यापेक्षा मातकट नारिंगी बरा. मुंबईच्या मंगलदास मार्केटसारख्या कापडबाजारात एकाच रंगाच्या दोन-तीन छटा मिळतात, तेव्हा शंका आली तर गडद छटा घ्या.

टोपीच्या अस्तराला क्रीम रंगाचं सॅटिन 60 सेंटिमीटर. सॅटिनच का, ते विगच्या भागात कळेल. कानांच्या आतल्या बाजूला फिकट रंगाचं फेल्ट आणि डोळ्यांना काळं फेल्ट, प्रत्येकी एक लहान तुकडा. कानांसाठी बकरम (आत घालायचं कडक कापड) किंवा 5 मिलिमीटरचा फोम. 1 सेंटिमीटर रुंदीची साधी सुती टेप दीड मीटर, एक मोठं टिचबटण, दोन टिकटॉक क्लिपा (केसांत टक्कन बसणाऱ्या चपट्या) आणि फ्लीसच्याच रंगाचा पॉलिएस्टर दोरा. मशीनला 14 नंबरची, गोल टोकाची सुई लावा. टोकदार सुईने फ्लीसवर टाके सुटतात आणि दोष उगाच मशीनच्या माथी जातो.

एप्रिल-मेमध्ये घालायची असेल तर झूल सुती लूपनिटची (आतून फासे असलेल्या विणलेल्या कापडाची) करा, टोपी मात्र फ्लीसचीच ठेवा. दोन्हीचा रंग तंतोतंत जुळणार नाही, पण घामाने निथळणारी उमारू होण्यापेक्षा ते परवडलं.

झूल बेतणे

झूल पाऊण वर्तुळाची. अर्धं वर्तुळ खांद्यांवर ताणतं आणि पुढून उघडं पडतं. पूर्ण वर्तुळाला फार चुण्या पडतात, मग हॅम्स्टरची परी होते. गळ्याचा घेर मोजा. तो 38 सेंटिमीटर धरला, तर सुटेपणासाठी 10 मिळवून 48. पाऊण वर्तुळासाठी याला 4.71 ने भागा, गळ्याची त्रिज्या आली 10.2. झुलीची लांबी 60 आणि खालच्या दुमडीची माया (जास्तीचं सोडलेलं कापड) 2.5 मिळवली की बाहेरची त्रिज्या 72.7 होते. म्हणजे व्यास 145.4. पन्हा 147 असतो, म्हणून अगदी घासून बसतं. काठ रुंद असेल तर लांबीतून 2 सेंटिमीटर कमी करा.

हात अंगाला चिकटवून खांद्यांभोवती टेप फिरवा. माप 115 च्या वर आलं तर मात्र पूर्ण वर्तुळच घ्यावं लागेल. तेव्हा 48 ला 6.28 ने भागायचं आणि कापड अडीच मीटर आणायचं.

ब्राऊन पेपरवर पाव वर्तुळ काढा. दोरीला खडू बांधून काढू नका, दोरी ताणली जाते आणि एका बाजूला त्रिज्या सेंटिमीटरभर वाढते. टेपचं टोक टाचणीने रोवून दर पाच सेंटिमीटरवर खूण करा आणि खुणा जोडा. गळ्याची रेघ 10.2 वर, पण कापायचं 9 वर, मधली 1.2 ही शिवणीची माया. हा कागद एकेरी पसरलेल्या कापडावर, उलट बाजूने, तीन वेळा फिरवून आखा. फ्लीसची चौघडी करून एकदम कापायचा मोह होतो, पण खालचे पदर सरकतात आणि घेर वेडावाकडा निघतो. पुढच्या दोन्ही सरळ कडांना 2.5 सेंटिमीटर माया जास्तीची सोडा.

उरलेल्या चौथ्या पावात टोपीची मधली पट्टी आणि कान निघतात. खाली उरलेल्या 55 सेंटिमीटरच्या पट्ट्यात टोपीचे दोन्ही गाल बसतात. सगळ्या तुकड्यांची लांबी कापडाच्या लांबीकडेच ठेवा. फ्लीसला लव असते, एखादा तुकडा आडवा पडला तर तो फोटोत वेगळ्याच रंगाचा दिसतो.

आता एक खोड. पाऊण वर्तुळ असं कापलं की पुढची एक कड कापडाच्या उभ्या धाग्यावर येते आणि दुसरी आडव्यावर. आडवी कड जास्त ताणते, म्हणून महिन्याभरात पुढच्या दोन कडा लांबीला वेगळ्या दिसू लागतात. उपाय सोपा आहे: माया दुमडण्याआधी दोन्ही कडांच्या आत सुती टेप ठेवून टीप मारा. आडव्या कडेची टेप आधी 60 ला कापून घ्या आणि कापड तिच्यावर बसवा. कापडाच्या लांबीने टेप कापली तर उपयोग शून्य.

टोपी

टोपीचे तीन भाग: दोन गाल आणि मधली पट्टी. दोनच तुकड्यांची टोपी वर टोकदार होते, ती बुटक्याची टोपी, हॅम्स्टरचं डोकं नव्हे.

गालाचा तुकडा 43 उंच, सर्वांत रुंद जागी 32, खाली गळ्याशी 20. पुढची कड सरळ ठेवा. वरचा-मागचा कोपरा मोठ्या ताटाने गोल करा आणि मागची कड खाली येताना आत वळवा. नेहमीच्या टोपीपेक्षा हे माप उंचीला आणि खोलीला साधारण 7-8 सेंटिमीटर जास्त आहे. पट्टीची रुंदी 14 आणि लांबी गालाच्या वक्र कडेवर टेप उभी धरून मोजायची. ती साधारण 65 भरते. सगळीकडे 1.5 माया.

खालची बेरीज बघा: 20 अधिक 20 अधिक 14, म्हणजे 54. झुलीचा गळा 48. उरलेले 6 सेंटिमीटर कापून टाकायचे नाहीत. प्रत्येक गालाच्या खालच्या कडेला, पट्टीपासून 5 सेंटिमीटर पुढे, 3 सेंटिमीटर खाणारी एक चुणी घाला, तोंड मागच्या बाजूला. या दोन चुण्यांमुळे टोपी गालांपाशी फुगते. दाणे कोंबलेल्या हॅम्स्टरचं तोंड त्यातूनच येतं.

डोळे आणि चेहऱ्याचं बाकीचं काम टोपी जोडण्याआधी करा. जोडल्यावर आतल्या खोबणीत मशीनचा पाय जात नाही, मग हाताने शिवत बसावं लागतं आणि टाके दिसतात. काळ्या फेल्टचे 4 सेंटिमीटर व्यासाचे दोन गोल घ्या, गालाच्या पुढच्या कडेपासून 6 आणि वरच्या शिवणीपासून 4 सेंटिमीटरवर. आधी टाचणीने लावा, टोपी डोक्यावर धरून आरशात बघा, मग शिवा. डोळा सेंटिमीटरभर खाली आला तरी हॅम्स्टर झोपाळू दिसतो, फार वर गेला तर दचकलेला.

कान चार तुकड्यांचे: दोन फ्लीसचे, दोन फेल्टचे. तळाशी 9 आणि उंचीला 7 सेंटिमीटर, माया वेगळी. सुलट बाजू समोरासमोर ठेवून टीप मारा, वळणावर दर सेंटिमीटरला चिरा द्या, उलटवा, आत बकरम सरकवा. तळाला मध्यात एक छोटी चुणी घातली की कान वाटीसारखा वळतो आणि आपोआप उभा राहतो. चुणी न घालता नुसता कडकपणा वाढवला तर कान पत्र्यासारखा दिसतो आणि तरी मागे पडतो. गाल आणि पट्टी यांच्या शिवणीत, पुढच्या कडेपासून 9 सेंटिमीटर मागे, कान अडकवा. 6 वर लावले तर अस्वल होतं, 13 वर लावले तर समोरून दिसतच नाहीत.

जोडणी अशी: एक गाल आणि पट्टी, मग दुसरा गाल. वळणावर कच्चा टाका घालाच, नुसत्या टाचण्यांवर फ्लीस सरकतं. टाक्याची लांबी 3 ते 3.5 मिलिमीटर ठेवा आणि मशीनच्या पायाचा दाब सोय असेल तर कमी करा. कापड ओढू नका. ओढलं की शिवण लाटेसारखी उठते आणि ती इस्त्रीने बसत नाही, कारण फ्लीसला थेट इस्त्री लावली तर लव चकाकते आणि वितळतेही. अशी शिवण उसवून पुन्हा मारणं हाच मार्ग.

अस्तराची टोपी तशीच शिवा, फक्त कान-डोळे नकोत. माया 2 मिलिमीटर जास्त घ्या म्हणजे ती आत किंचित लहान बसते आणि बाहेर डोकावत नाही. दोन्ही टोप्यांची पुढची कड जोडताना मध्ये 2 सेंटिमीटर रुंद बकरमची पट्टी घाला. मोठ्या टोपीची कड डोळ्यांवर येते ती इथेच थांबते.

शेवटी टोपीचा मागचा मध्य झुलीच्या मागच्या मध्याला जुळवा आणि तिथून दोन्ही बाजूंना पुढे शिवत या. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग शिवलं तर दुसऱ्या टोकाला दोन सेंटिमीटर उरतात आणि टोपी तिरकी बसते.

खालची दुमड घाई करून मारू नका

झूल टिचबटण लावून हँगरवर रात्रभर टांगून ठेवा. मागचा मध्य आणि पुढच्या दोन्ही बाजू, या तीन जागी कापड तिरकं आहे, तिथे ते लोंबतं. दुसऱ्या दिवशी झूल अंगावर घालून ताठ उभं राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून पट्टीने मोजून सगळीकडे खडूने खुणा करायला सांगा. वाढलेलं कापा आणि मगच दुमडा. टीप एकच, कडेपासून 2 सेंटिमीटरवर.

टिचबटण हनुवटीखाली एकच. चेन लावू नका. बाहेरची उमारू आणि घरातली उमारू यांच्यात एका क्षणाचं अंतर आहे, तेव्हा झूल एका हाताने अंगावर पडायला आणि एका झटक्यात निघायला हवी.

विग, क्लिपा आणि घसरणारी टोपी

मोठ्या टोपीची तक्रार एकच: ती मागे घसरते. सगळं वजन डोक्याच्या मागे असतं. अस्तराच्या आत, कानांच्या बरोबर खाली, दोन टिकटॉक क्लिपा हाताने शिवा आणि त्या केसांत अडकवा. विग लांब, फिकट तपकिरी-सोनेरी हवा. फ्लीसवर कृत्रिम केस घासले की स्थिर वीज तयार होते, केस उभे राहतात आणि मानेपाशी गाठी होतात, म्हणून अस्तर सॅटिनचं. नुसत्या खोळीसाठी पूर्ण विगचा खर्च नको असेल, तर कपाळावरच्या आणि गालांवरच्या बटा एवढ्याच टोपीच्या कडेला आतून शिवा. टोपी चढवलेली असताना बाकी केस फारसे दिसत नाहीत.

फोटोसाठी

उभ्याने काढलेला फोटो जवळजवळ नेहमी फसतो. माणूस सात डोक्यांएवढा उंच, उमारू दोन. गुडघे छातीशी घेऊन खाली बसा, झूल पायांवर ओढा. 60 सेंटिमीटरची झूल गुडघे पूर्ण झाकते. कॅमेरा डोळ्यांच्या थोडा वर आणि जवळ धरा, डोकं मोठं आणि अंग लहान येतं. सोबत कोलाची बाटली, चिप्सची पुडी आणि गेमचा कंट्रोलर. त्यांची लेबलं कॅमेऱ्याकडे नकोत, नाहीतर फोटो जाहिरात वाटतो.

मैत्रीण किरिए घरी येते तेव्हा या खोळीतल्या उमारूला ती उमारूची धाकटी बहीण ‘कोमारू’ समजते. दोघींचा फोटो करायचा असेल तर खोळवालीला बसवा आणि किरिएला उभं करा, मग उंचीचा प्रश्नच येत नाही.

चिप्सचं तेल फ्लीसवर पडलं की चोळू नका. टाल्कम पावडर टाकून अर्धा तास ठेवा, झटका आणि मग थंड पाण्यात, सौम्य साबणात हाताने धुवा. ड्रायर नको, पिळू नका. कान ओले असतानाच बोटाने वाटीसारखे वळवून ठेवा. बकरम एकदा वेडंवाकडं वाळलं की कान उसवूनच ते बदलावं लागतं.