ट्रंपेट घ्यायचाय? आधी पट्टी विचारा

दुकानात शिरल्या शिरल्या किंमत विचारू नका, पट्टी, म्हणजे वाद्याचा सा कुठला, ते विचारा. बँडमध्ये दिसतो तो नेहमीचा ट्रंपेट बी फ्लॅटचा, म्हणजे पेटीवरची काळी पाच. सी ट्रंपेट पांढरी एकचा. त्याची नळी थोडी आखूड असते आणि सिंफनीवाले तो बराच वापरतात. शिकायला काळी पाचच घ्या.

नुसतं फुंकून ट्रंपेट वाजत नाही. ओठ मिटून हवा अशी सोडायची की ते थरथरले पाहिजेत. आधी एकट्या माउथपीसवर हे जमवा. बी फ्लॅटची नळी उलगडली तर जवळजवळ दीड मीटर भरते आणि तेवढ्या लांबीत ठरावीकच सूर निघतात: सा, प, तार सा, त्यावरचा ग, प. ओठ आवळले की वरचा सूर. बिगुलाला आणि आपल्या तुतारीला व्हॉल्व, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, नाहीत, त्यामुळे त्यांचा सगळा कारभार असल्याच सुरांत चालतो.

व्हॉल्व दाबला की नळीत जादा तुकडा जोडला जातो आणि सूर उतरतो. मधला व्हॉल्व अर्धा स्वर उतरवतो, पहिला एक, तिसरा दीड. तार सा मोकळा वाजवून खाली या: मधला दाबला की नी, पहिला दाबला की कोमल नी, पहिला-मधला मिळून ध, मधला-तिसरा मिळून कोमल ध, सगळे सोडले की प. पेटी वाजवणाऱ्याला हे एका बैठकीत कळतं. मध्य सप्तकातला रे मात्र छळतो. तो पहिल्या-तिसऱ्यावर वाजतो आणि चढा लागतो, कारण पहिला दाबल्यावर नळी आधीच लांबलेली असते, तिला तिसऱ्याचा तुकडा अपुरा पडतो. म्हणून तिसऱ्या स्लाइडला, म्हणजे त्या व्हॉल्वच्या सरकत्या नळीला, कडी असते. डाव्या अनामिकेने ती स्लाइड जराशी बाहेर सरकवा, रे जागेवर येतो. कडी नसलेला किंवा ती स्लाइड गच्च बसलेला ट्रंपेट घेऊच नका.

ट्रंपेटच्या भावंडांपैकी कॉर्नेटची लांबी तीच, बोटंही तीच. पण त्याची नळी जास्त निमुळती, म्हणून आवाज मऊ. फ्लूगलहॉर्न त्याहून निमुळता, जवळजवळ घुमणारा. संथ चालीला मला तोच आवडतो. पॉकेट ट्रंपेट फक्त जास्त गुंडाळलेला असतो, नळी तेवढीच. पिकोलो ट्रंपेटची नळी निम्मी, व्हॉल्व बहुधा चार. तो घेतल्याने तारसप्तक फुकट मिळेल या भ्रमात राहू नका, ओठ तुमचेच आहेत! व्हिएन्नाच्या ऑर्केस्ट्रात खाली-वर होणाऱ्या पिस्टनऐवजी फिरते व्हॉल्व दिसतात. आपल्याकडे दुरुस्तीचा विचार करता पिस्टनच बरा.

जुना घेताना व्हॉल्व न दाबता मधली स्लाइड थोडी ओढा, क्षणभर थांबा, मग व्हॉल्व दाबा. ‘फट्’ आवाज आला तर पिस्टन घट्ट आहे. आवाज आला नाही तर आधी तेल घालून बघा, तरी नाही आला तर भाव पाडा. हवाच जात नसेल तर पिस्टनवरचे १, २, ३ आकडे तपासा. पुसताना अदलाबदल झालेली असते.