पुढून खट-खट आवाज: शॉकअप नव्हे, लिंक रॉड

वीस-तीसच्या वेगात, रस्ता जरा ओबडधोबड असला की कारच्या पुढून डावीकडे खट-खट. मोठ्या स्पीडब्रेकरवर मात्र गप्प. इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत तर भजनातले टाळच.

आधी शॉकअप बदलले, मग अलाइनमेंट. पैसे गेले, आवाज राहिला. खरं तर जुन्या शॉकअपवर तेलाचा ओघळ नव्हता आणि बोनेट दाबून सोडलं की गाडी एकदाच उसळून थांबायची. शॉकअप ठीक आहेत हे तेव्हाच कळायला हवं होतं.

दोष निघाला स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेला आडवा दांडा) लिंक रॉडमध्ये, म्हणजे त्या बारला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या छोट्या दांडीत. रबरी टोपण फाटलेलं, ग्रीस मातीसारखं, हाताने हलवला की टक.

आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारला. सकाळी सपाट जागी हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा, चाकांचे नट जमिनीवरच ढिले. मग पुढच्या दोन्ही बाजू जॅकने उचलून स्टँडवर. एकच उचलली तर बारवर ताण येऊन रॉड सहज निघत नाही. चाक काढलं. अ‍ॅलन कीने बोल्ट धरून पान्याने नट सोडला, नाहीतर दोन्ही सोबत फिरत बसतात. नव्या रॉडची लांबी जुन्याशी ताडून मगच बसवला. उजवा ठीक होता, तरी जोडीनेच बदलला. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळले. या कामानंतर अलाइनमेंट लागत नाही.