'रॉबिन ऑफ शेरवुड' पहिल्यांदा पाहताना: क्रम, वेळ आणि टीव्हीची मांडणी

रॉबिन हूड पडद्यावर अनेकदा येऊन गेला. पण त्याच्या गोष्टीत जंगलाच्या जुन्या देवाला, शिंगांच्या हर्नला, आणून बसवलं ते एचटीव्ही या ब्रिटिश वाहिनीच्या 'रॉबिन ऑफ शेरवुड' या मालिकेनं. ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर ही मालिका 28 एप्रिल 1984 ला सुरू झाली आणि 28 जून 1986 ला संपली. तीन पर्वं, 26 भाग, प्रत्येक भाग साधारण 50 मिनिटांचा. सगळं मिळून पावणेबावीस तासही भरत नाहीत. दोन शनिवार-रविवारांत फडशा पाडता येईल, पण तसं करू नका. ही मालिका शनिवारी संध्याकाळी एक भाग, मग आठवडाभर वाट, अशा हिशेबानं लिहिलेली आहे. सलग पाच-सहा भाग पाहिले की शेरीफ, सापळा, सुटका एवढंच डोक्यात राहतं आणि जंगल हातून निसटतं.

आधी टीव्ही नीट लावा

चित्रण 16 मिलिमीटर फिल्मवर झालेलं आहे, तेही बहुतेक सगळं उघड्यावर. ब्रिस्टलच्या आसपासच्या रानांनी शेरवुडचं सोंग घेतलं, तिसऱ्या पर्वासाठी मंडळी नॉर्थम्बरलंडपर्यंत गेली. छायाचित्रकारांनी धुकं, धूर आणि झाडांमागून येणारा उजेड यांवर जीव लावलेला आहे. आजच्या टीव्हीची नेहमीची मांडणी हीच कमाई मातीत घालते.

सगळ्यात आधी चौकट पाहा. मूळ चित्र 4:3 चं आहे, म्हणजे डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. पट्ट्या दिसत नसतील तर टीव्ही चित्र ताणतोय (माणसं बुटकी आणि रुंद दिसतात) किंवा वरखाली कापतोय. कापणं जास्त वाईट, कारण हर्नच्या शिंगांची टोकं आणि धनुष्याचा वरचा कोपरा नेमका तिथेच असतो. पिक्चर साइझमध्ये जाऊन 4:3 किंवा ओरिजिनल निवडा.

दुसरं, हालचाल गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग बंद करा. ब्रिटिश टीव्हीच्या पद्धतीप्रमाणे इथे सेकंदाला 25 चौकटी (फ्रेम) आहेत. टीव्हीनं मधल्या चौकटी स्वतः बनवून घातल्या की तलवारबाजी एखाद्या तालमीच्या व्हिडिओसारखी दिसते. तिसरं, नॉइज रिडक्शनही बंद आणि शार्पनेस खाली. 16 मिलिमीटरला दाणा (ग्रेन) असतोच. तो पुसायला गेलं की पानं एकमेकांत कालवली जातात आणि चेहरे मेणाचे होतात. दाणा खटकत असेल तर टीव्हीपासून दोन हात मागे सरका, पण तो पुसू नका.

खोलीत अंधार ठेवा. ब्राइटनेस वाढवून रात्रीची दृश्यं उजळू नयेत. काळ्याचा राखाडी होतो आणि धुक्याची खोलीच जाते. डिस्क ब्रिटनहून मागवणार असाल तर प्लेअर आधी तपासा, तिथल्या डीव्हीडी विभाग 2 च्या आणि ब्लू-रे विभाग बी च्या असतात.

आवाजाचं एक सांगायला हवं. संगीत क्लॅनाड या आयरिश गटाचं आहे. मालिकेसाठी रचलेलं त्यांचं संगीत 'लेजंड' नावाच्या अल्बममध्ये 1984 मध्ये आलं आणि त्याला बाफ्टा पुरस्कार मिळाला. कुजबुजत्या संवादांच्या मागून हे संगीत एकदम वर येतं, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत हात सारखा रिमोटकडे जातो. संवाद नीट कळेल एवढा आवाज एकदाच लावा आणि मग त्याला हात लावू नका. इंग्रजी सबटायटल्स असतील तर पहिल्या वेळी सुरू ठेवा. नावं पटापट येतात, आणि विल स्कार्लेट झालेल्या रे विन्स्टनचा लंडनी हेल कानाला बसायला वेळ लागतो.

पहिली बैठक

'रॉबिन हूड अँड द सॉर्सरर' ही दोन भागांची सुरुवात आहे. ती एकाच बैठकीत पाहा, मध्ये थांबू नका. पावणेदोन तास मोकळे ठेवा. या दोन भागांत मालिकेचे सगळे खांब उभे राहतात: लॉक्सली गाव जाळलं जातं, चांदीचा बाण, राजाचं हरीण मारून बसलेला मच नावाचा पोरगा, बॅरन द बेलेम हा मांत्रिक, आणि हर्न.

हर्न पहिल्यांदा दिसतो तिथे घाई करू नका. धुकं, मागून येणारा पांढरा उजेड, आणि त्यातून आधी दिसतात ती फक्त शिंगं. माणूस आहे की जनावर ते कळत नाही. मग तो पुढे येतो आणि हरणाच्या मुखवट्याखाली माणसाचा चेहरा दिसतो. संपूर्ण मालिका पाहताना लक्षात ठेवायची खूण हीच: शिंगं डोक्यावर आहेत की नाहीत. नसतात तेव्हा हर्न हा जंगलात राहणारा एक साधा वयस्क माणूस आहे, त्याला भीती वाटते, तो जखमी होऊ शकतो. शिंगं चढली की त्याच्या अंगात येतं. जॉन अबिनेरी या नटानं हा फरक आवाजात आणि चालण्यात इतका नेमका ठेवलाय की दोन वेगळी माणसं वाटावीत. ही खूण हातातून सुटली तर हर्न हा कथा अडली की वाट दाखवायला येणारा बुवा वाटू लागतो आणि प्रेक्षक वैतागतो.

याच बैठकीत ओंडक्यावरची काठ्यांची लढाई येते. रॉबिन आणि लिटल जॉनची ही झुंज लोककथेत हसतखेळत होते. इथे जॉनवर बेलेमची मोहिनी आहे, त्याच्या छातीवर मांत्रिकाचं चिन्ह काढलेलं आहे, आणि ते पुसलं जाईपर्यंत तो स्वतःचा नाही. जुना प्रसंग तोच ठेवून त्याखाली जादू सरकवायची, ही पटकथाकार रिचर्ड कारपेंटर यांची पद्धत इथेच उघड होते. एकदा ओळखली की पुढे जागोजागी सापडते.

नासिरकडेही बघा, दोन तलवारी चालवणारा हा सॅरसन (मुसलमान) योद्धा बेलेमच्या पदरी असतो. तो पहिल्याच कथेत मरायचा होता. मार्क रायनचं काम सगळ्यांना इतकं आवडलं की त्याला टोळीत ठेवलं. त्याला संवाद जेमतेम आहेत, त्यामुळे तो काय करतो ते पाहावं लागतं. रॉबिन हूडच्या टोळीत मुसलमान योद्धा असणं नंतर जे रुळलं, त्याची सुरुवात ही.

पहिली दोन पर्वं: काहीही गाळू नका

पहिल्या पर्वाचे उरलेले चार भाग आठवड्याला दोन या गतीनं पाहा. 'द विच ऑफ एल्सडन', 'सेव्हन पुअर नाइट्स फ्रॉम एकर', 'ॲलन अ डेल' आणि 'द किंग्ज फूल', याच क्रमानं. 'ॲलन अ डेल' हलकाफुलका आहे म्हणून लोक तो वगळतात, पण शेरीफ झालेल्या निकोलस ग्रेसची फणकारेबाज चीड आणि त्याच्या हाताखालच्या गिस्बर्नचा (रॉबर्ट ॲडी) अपमान गिळण्याचा स्वभाव तिथे पक्का होतो. तो न पाहता पुढे गेलात तर या दोघांचं नातं नुसतं ओरडणं वाटेल.

'द किंग्ज फूल'च्या आधी थोडा इतिहास जवळ ठेवा. रिचर्ड पहिला 1189 मध्ये राजा झाला, धर्मयुद्धावरून परतताना 1192 मध्ये पकडला गेला आणि 1194 मध्ये इंग्लंडला परतला. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यानं खरोखरच नॉटिंगहॅमचा किल्ला वेढून घेतला आणि नंतर शेरवुडला भेट दिली. सवयीच्या रॉबिन हूडमध्ये राजा परत आला की सगळं गोड होतं. इथे टोळीत फूट पडते, आणि राजा कसला माणूस आहे हे विल स्कार्लेटला सगळ्यांच्या आधी दिसतं.

दुसरं पर्व 1985 चं. 'द प्रॉफेसी', 'द चिल्ड्रन ऑफ इस्राएल', 'लॉर्ड ऑफ द ट्रीज', 'द एन्चांटमेंट' हे चार भाग तसेच, आठवड्याला दोन. 'द चिल्ड्रन ऑफ इस्राएल' नॉटिंगहॅममधल्या ज्यूंवर आहे. 1190 मध्ये यॉर्कमध्ये ज्यूंचा संहार झाला होता हे माहीत असेल तर त्या भागातली भीती अंगावर येते. 'लॉर्ड ऑफ द ट्रीज'मध्ये हर्नच्या उत्सवाच्या दिवसांत रक्त सांडायचं नसतं, म्हणून टोळी निःशस्त्र होते. हा नियम सुरुवातीलाच नीट ऐका, नाहीतर ते धनुष्य का उचलत नाहीत असा प्रश्न अर्धा तास छळेल.

'द स्वोर्ड्स ऑफ वेलँड' पुन्हा दोन भागांचा. एकाच संध्याकाळी पाहा. रॉबिनला हर्नकडून मिळालेली अल्बियन ही तलवार सातांपैकी एक आहे, आणि इथे सातही गोळा करण्याचा घाट आहे. सैतानाची पूजा, जोगिणींचा मठ, रूला लेन्स्काची मॉर्ग्विन. लहान मुलं सोबत असतील तर हा आणि 'द एन्चांटमेंट' आधी मोठ्यांनी एकट्यानं पाहून घ्यावा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची झोप उडवायला पुरेसा आहे.

'द ग्रेटेस्ट एनिमी' मात्र वेगळ्या दिवशी, एकटाच. त्या रात्री त्याच्या आधी किंवा नंतर दुसरं काही नको.

दोन रॉबिन, आणि मधली पोकळी

एक गोष्ट डिस्कच्या वेष्टनावरच दिसते, म्हणून सांगायला हरकत नाही. पहिल्या दोन पर्वांत मायकेल प्रेड हा लॉक्सलीचा रॉबिन आहे, गावातला पोर. तिसऱ्यात जेसन कॉनरी हा हंटिंग्डनचा रॉबर्ट, उमरावाचा मुलगा. नट बदलला म्हणून तोच माणूस असल्याचं ढोंग मालिका करत नाही. जुन्या कथांमध्ये रॉबिन हूड कुठे शेतकरी, कुठे सरदार. कारपेंटर यांनी दोन्ही खरे मानले: रॉबिन हूड हे हर्ननं निवडलेल्याचं नाव, आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं.

हे मनाला पटायला वेळ जावा लागतो. 1985 च्या एप्रिलमध्ये दुसरं पर्व संपलं, तिसरं सुरू व्हायला 1986 चा एप्रिल उजाडला. तुम्ही वर्षभर थांबणार नाही, पण किमान पंधरा दिवस थांबा. बहुतेकांचं इथेच बिनसतं. 'द ग्रेटेस्ट एनिमी' संपल्यासंपल्या पुढचा भाग लावतात, सोनेरी केसांचा नवा मुलगा दिसतो आणि राग त्याच्यावर निघतो. टोळीतले लोकही 'हर्न्स सन'मध्ये तेच करतात. ते पांगलेले असतात, कोणालाही हा मुलगा नको असतो. तुम्ही थोडे दिवस रिकामे राहून आलात तर त्यांच्या बाजूनं उभे राहता. घाईनं आलात तर फक्त कॉनरीची प्रेडशी तुलना होत राहते, आणि तो त्यात हरतो, कारण त्याला काम मिळतं ते मोडलेल्या टोळीत.

'हर्न्स सन'चे दोन भाग एकत्र पाहा. गुल्नार (रिचर्ड ओब्रायन) आणि क्लनचा ओवेन लक्षात ठेवा. गुल्नार पुन्हा येतो.

तिसरं पर्व: इथे निवड चालेल

तेरा भाग, आणि दर्जा वर-खाली. पहिली दोन पर्वं पूर्ण कारपेंटर यांची होती, इथे अँथनी हॉरोविट्झ यांनीही काही भाग लिहिले. वेळ कमी असेल तर 'द बिट्रेयल' आणि 'द प्रिटेंडर' सोडा, धागा तुटत नाही. पण हे चार भाग वगळू नका. 'द शेरीफ ऑफ नॉटिंगहॅम'मध्ये फिलिप मार्क येतो. हे नाव इतिहासातलं आहे: त्याला आणि त्याच्या भावांना पदांवरून काढावं असं 1215 च्या मॅग्ना कार्टाच्या 50 व्या कलमातच लिहिलंय. 'द क्रॉस ऑफ सेंट सिरिकस'मध्ये गिस्बर्नच्या रक्ताचं गुपित उघडतं, त्यानंतर त्याच्याकडे पूर्वीसारखं पाहता येत नाही. 'क्रॉम क्रुआक'मध्ये गुल्नारची दुसरी खेप. आणि 'ॲडम बेल', म्हाताऱ्या झालेल्या बंडखोराचं काय होतं यासाठी.

'द टाइम ऑफ द वुल्फ' हे शेवटचे दोन भाग. त्यानंतर चौथं पर्व नाही: पैसा लावणारी गोल्डक्रेस्ट ही कंपनी बाजूला झाली आणि काम थांबलं. म्हणून मॅरियन या नायिकेचा निर्णय अर्ध्यावर सोडल्यासारखा वाटतो. तो तसाच आहे. कुठला भाग राहून गेला का म्हणून शोधत बसू नका.

त्यापुढची एक गोष्ट आहे, ती ऐकायची. कारपेंटर यांनी लिहून ठेवलेल्या एका संहितेवरून 2016 मध्ये 'द नाइट्स ऑफ द अपॉकलिप्स' हे श्राव्यनाटक झालं. जेसन कॉनरी, जुडी ट्रॉट, रे विन्स्टन, क्लाइव्ह मँटल अशी मूळ मंडळी त्यात परत आली. 'द टाइम ऑफ द वुल्फ' ताजा असतानाच, दिवे मालवून, हेडफोन लावून ऐका. जॉन अबिनेरी तोवर हयात नव्हते. त्यात हर्नचा आवाज डॅनियल अबिनेरी यांचा आहे, त्यांच्या मुलाचा.