दोघांचं कुंपण: पावसाआधी दुरुस्ती कशी करावी

दोन रो-हाउसच्या किंवा दोन सोसायट्यांच्या बागांमधलं तारजाळीचं कुंपण मुंबईत सहसा जाळीमुळे पडत नाही, खांबामुळे पडतं. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी लोखंडी अँगल (एल आकाराचा खांब) नेमका जमिनीलगत, बोटभर पट्ट्यात कुजतो. वरचा भाग ठणठणीत दिसतो आणि जूनच्या पहिल्या वादळी वाऱ्यात अख्खी रांग आडवी होते. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये उरकावं.

प्रत्येक खांबाच्या बुडाची माती वीतभर उकरा आणि हातोडीने ठोका. खणखणीत आवाज आला तर खांब चांगला. बद्द आवाज आला, पापुद्रे सुटले किंवा स्क्रूड्रायव्हर आत घुसला तर तो बदलायचा.

शेजाऱ्याशी बोलणं

ठेकेदाराचं दरपत्रक हातात घेऊन शेजाऱ्याच्या दारात जाऊ नका. सगळं ठरवून फक्त पैसे मागायला आलात असं वाटतं. आधी कुजलेला खांब दाखवा, खराब खांब दोघांनी मिळून मोजा. मग दोन दरपत्रकं मागवा, त्यातलं एक त्यांच्या ओळखीच्या फॅब्रिकेटरचं. पलीकडे सोसायटी असेल तर सेक्रेटरींना पत्र द्या. कमिटीचा ठराव व्हायला वेळ लागतो, तेव्हा फेब्रुवारीतच सुरुवात करा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे रेषा. जुने खांब उपटले, खड्डे बुजले की नवी रांग सहज चार-सहा इंच सरकते, आणि मुंबईत तेवढी जागा वर्षानुवर्षांच्या भांडणाला पुरते. म्हणून एकही खांब काढण्याआधी दोन्ही टोकांना दोरी ताणा, दोन्ही घरांच्या जोत्यापासून दोरीचं अंतर तीन ठिकाणी मोजा, फोटो काढा आणि कागदावर उतरवा. मजकूर एवढा पुरे: "आपल्या दोन्ही जागांमधल्या कुंपणाची दुरुस्ती जुन्याच रेषेवर करण्याचं ठरलं आहे. जोत्यापासूनची अंतरं सोबतच्या आकृतीत आहेत. खर्च निम्मा-निम्मा. या दुरुस्तीमुळे कोणाच्याही हद्दीच्या हक्कात बदल होत नाही." खाली दोघांच्या सह्या, प्रत्येकाकडे एक प्रत.

जुनी रेषाच मान्य नसेल तर काम थांबवा. मालमत्ता पत्रक आणि सीटीएस (नगर भूमापन) नकाशा काढा आणि नगर भूमापन कार्यालयात मोजणीसाठी अर्ज करा. हरकत तोंडी ठेवू नका. 1963 च्या मुदत कायद्यानुसार जमिनीचा ताबा परत मागण्याची मुदत 12 वर्षांची आहे. संकोचापोटी गप्प बसणाऱ्याचं नुकसान होतं.

शेजारी पैसे द्यायला तयार नसतील तर दोन वाटा आहेत: त्यांच्या लेखी संमतीने जुन्या रेषेवर स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती, किंवा खांब, काँक्रीट, टेके (खांबाला दिलेले तिरके आधार) सगळं स्वतःच्या हद्दीत घेऊन नवं कुंपण. दुसऱ्या वाटेत वीतभर बाग जाते, पण पुढची दुरुस्ती कोणाला न विचारता करता येते. त्यांचे खांब मात्र तोडू नका.

सामान

15 मीटर लांब कुंपणाचा हिशोब असा. दर 3 मीटरला एक, म्हणजे 6 खांब. 40×40×5 मिमीचा अँगल 6 मीटरच्या लांबीत मिळतो. त्याचे 2 मीटरचे तीन तुकडे होतात. खांबांना दोन लांब्या, टोकाच्या खांबांच्या तिरक्या टेक्यांना आणखी एक. जाळी 1.2 मीटर उंच, 50 मिमी घराची (म्हणजे भोकांची), 10 गेज (तारेची जाडी), गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली. ताणाच्या चार तारांसाठी 8 गेजची जीआय (गॅल्व्हनाइज्ड) तार 7 किलो. सिमेंटच्या 3 गोण्या. जाळी बांधायला साधी काळी बाइंडिंग तार घेऊ नका, ती एका पावसाळ्यात तुटते. जीआय तारच घ्या.

काम

खणण्याआधी गॅसची, पाण्याची लाइन आणि विजेची केबल कुठून गेली आहे ते दोन्ही बाजूंनी विचारा. शंका असेल तर त्या त्या कंपनीला कळवा. खड्डा 30×30 सेंमी, खोली 60 सेंमी. झाडाचं जाड मूळ आलं तर तोडू नका, खांब रेषेतच फूटभर पुढे घ्या. शेजाऱ्याच्या झाडाच्या फांद्या आड येत असतील तरी महापालिकेच्या वॉर्डातल्या उद्यान विभागाच्या परवानगीशिवाय झाड छाटू नका.

खांबाच्या बुडाशी सळईचा आडवा तुकडा वेल्ड करा, म्हणजे तो उपटला जात नाही. जमिनीखालच्या भागासकट रेड ऑक्साइडचे (गंजरोधक प्रायमरचे) दोन हात द्या. काँक्रीटसाठी एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी. पाणी गोणीमागे 25 ते 28 लिटर. मजूर सोपं जावं म्हणून पाणी वाढवतात, तिथेच काँक्रीट कच्चं राहतं. खाली 5 सेंमी काँक्रीट, त्यावर खांब, ओळंब्याने सरळ करून बाकीची भर. वरचं काँक्रीट जमिनीपेक्षा 3 सेंमी उंच आणि चारी बाजूंना उतरतं ठेवा. खांबाभोवती पाणी साचू न देणारी ही टोपी नसेल तर नवा खांबही जुन्याच जागी कुजेल.

सात दिवस काँक्रीटवर ओलं गोणपाट ठेवा. त्याआधी तार ताणली तर टोकाचे खांब आत झुकतात, मग जाळी कायमची सैल. सात दिवसांनी टर्नबकलने (तार ताणायच्या फिरकीच्या स्क्रूने) तारा ताणा: एक तळाशी, एक मध्ये, एक जाळीच्या वरच्या कडेला आणि चौथी उरलेल्या वीतभर जागेत. जाळी जमिनीपासून 5 सेंमी वर ठेवून दर फुटावर बांधा. जुनी जाळी चांगली असेल तर फाटलेलाच भाग बदला: कडेची एक तार मळसूत्रासारखी फिरवत काढायची, नवा तुकडा शेजारी धरायचा आणि तीच तार दोन्हींच्या घरांतून फिरवत खाली न्यायची. जोड दिसतही नाही.

गॅल्व्हनाइज्ड भागावर वेल्डिंग झालं असेल तर तिथलं जस्त जळून गेलेलं असतं. तिथे झिंकयुक्त प्रायमर लावा. ग्राइंडरचं काम सकाळी दहा ते एक या वेळात बसवा, दुपारी दोन्हीकडची माणसं जरा पडलेली असतात.

मधुमालती, कृष्णकमळ लगेच चढवू नका. भिजलेला वेल जड होतो आणि वाऱ्यात शिडासारखा फुगतो. पहिला पावसाळा जाऊ द्या, आणि दरवर्षी मेमध्ये दोन्ही बाजूंनी वेल छाटून खांबांची बुडं उकरून बघा.