घाटातल्या शर्यतीची फाइल कशी लावावी

आपल्याकडे कशालाही मॅरेथॉन म्हणतात. शाळेची पोरं झेंडे घेऊन पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत पळाली, की दुसऱ्या दिवशी बातमी, 'मॅरेथॉन उत्साहात'. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. हे अंतर पहिल्यांदा धावलं गेलं १९०८ च्या लंडन ऑलिंपिकला, आणि कायमचं ठरलं १९२१ मध्ये. आमची सातारा हिल हाफ मॅरेथॉन त्याच्या निम्मी, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर सत्त्याण्णव मीटर. म्हणून शर्यतीचा इतिहास गोळा करायला बसलात, तर कात्रण हातात आल्याबरोबर आधी अंतर बघा. अंतरच दिलं नसेल तर ते वेगळ्या पाकिटात.

मी धावत नाही. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत फायली लावल्या, तेवढंच मला येतं. पण घर समर्थ मंदिराच्या बाजूला, म्हणजे यवतेश्वरचा घाट लागण्याआधी पळणारे आमच्या पायरीवरून दिसतात. २०१२ ला पहिली शर्यत झाली, तेव्हापासून बघतेय. पुतण्या तीन वेळा धावला आणि तिन्ही वर्षांची सरमिसळ करून सांगतो. त्याच्याशी वाद घालता घालता ही फाइल सुरू झाली.

प्रत्येक वर्षाला एक प्लॅस्टिकचं पाकीट करा. वर वर्ष, शर्यतीची तारीख आणि वार. वार लिहाच, कारण शर्यत रविवारची असते आणि वर्तमानपत्रात छापून येते सोमवारी. वाचनालयात जुने अंक काढताना सोमवारचा अंक मागा, सातारची पानं असलेला. पुण्याची आवृत्ती हातात पडली तर आपली बातमी चार ओळींत उरकलेली असते. झेरॉक्सवर वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांक तिथंच, बाहेर पडण्याआधी, पेन्सिलीनं लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की संपलं.

तारीखच माहीत नसेल तर? घरातली जुनी कॅलेंडरं काढा. मी दुधाचा हिशोब त्या चौकटींत लिहिते, आणि शर्यतीच्या दिवशी रस्ता बंद म्हणून दूध उशिरा येतं. एका पावसाळ्यातल्या रविवारच्या चौकटीत माझ्याच अक्षरात सापडलं: 'शर्यत. दूध ९ ला. १ लिटर.' पुतण्याचा वाद तिथंच मिटला.

माणसांना विचारायचं तर 'कोणत्या साली' असं विचारू नका. साल कुणालाच आठवत नाही, पण कुणी सांगितल्याशिवाय राहत नाही. घरचं काय चाललं होतं ते विचारा. कोपऱ्यावरचे चहावाले मला छातीठोक म्हणाले, "पहिल्याच शर्यतीला मी इथं साखरपाणी वाटलं. पोरगी बारावीला होती त्या वर्षी." मी म्हटलं, दादा, मार्कशीट आणा. मार्कशीट निघाली मार्च २०१५ ची. मग ते पाणी २०१४ च्या शर्यतीचं किंवा २०१५ च्या, पहिल्या शर्यतीचं तर नक्कीच नाही. त्यांनी आठवडाभर मला चहात आलं घातलं नाही. तरी त्यांची हकीकत ठेवलीय, साल मात्र कंसात, प्रश्नचिन्हासकट.

विक्रमाची नोंद करताना शब्द सांभाळा. २०१५ मध्ये गिनेसमध्ये नाव गेलं, ते एका डोंगरावरच्या शर्यतीत सर्वांत जास्त धावपटू पळाले म्हणून. गावात त्याचं झालं 'जगातली सगळ्यात मोठी मॅरेथॉन'. तसं लिहिलंत तर बाहेरचा माणूस पहिल्या पानालाच हसेल. आयोजक सातारा रनर्स फाउंडेशन. तेही नाव संस्था लिहिते तसंच उतरवा. 'सातारा मॅरेथॉनवाले' नको. आणि ललिता बाबरला या पाकिटांत कोंबू नका. माणच्या मोहीची पोरगी, रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी धावली. आपल्या जिल्ह्याची म्हणून तिची फाइल वेगळी लावा, जाड लावा.

निकालात एकाच माणसाच्या दोन वेळा दिसतील. एक शर्यत सुटल्यापासूनची, दुसरी त्याच्या अंगावरची वेळ मोजणारी चिप सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची. गर्दीत मागं उभा असलेल्याच्या दोन वेळांत मिनिटांचा फरक पडतो. कोणती उतरवली ते शेजारी लिहा.

टी-शर्ट गोळा करा, पण लवकर. एका घरी मला हवा असलेला टी-शर्ट फरशी पुसायच्या बादलीत भेटला. पुढची छपाई गेलेली, पण बाहीवर साल शिल्लक होतं. नवं फडकं देऊन तो सोडवून आणला.

बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, पाण्याला टिकतो, त्याची काळजी नको. नोंदणीच्या गुळगुळीत पावत्या मात्र दोन-तीन वर्षांत कोऱ्या होतात, त्यांची आल्या दिवशीच झेरॉक्स. आणि बिबच्या चारही सेफ्टी पिना काढून मगच पाकिटात घाला. पुतण्याचा पहिला बिब मी पिनांसकट ठेवला होता. चार कोपऱ्यांत चार तांबडे डाग पडलेत, आणि एक नेमका नंबरातल्या शेवटच्या आकड्यावर. तो ३ की ८, यावर आमच्यात नवा वाद सुरू आहे.